पुढचे दोन नवे टायर

किसनमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. त्याची बायको बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही, तेव्हा आईनं त्याला गावाकडून नांदेडला आमच्या घरी आणलं आणि तो आमच्याचकडे राहिला. मला कळतं तेव्हापासून तो होताच. माझे वडील, अण्णा, वकिली करायचे. त्यांनी धर्माबादच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी ॲम्बेसेडर घेतली ती मामाच्या जिवावर, कारण अण्णांना गाडी चालवता यायची नाही आणि शिकायची हौसही नव्हती. मामा चौथीपर्यंत शिकलेला, आमच्याकडे येण्याआधी बरीच वर्षं मालट्रकवर होता. सकाळी आमची झोप मोडायची ती अंगणातल्या बादलीच्या कडीनं. मामा गाडी धुवायचा. धुऊन झाली की उकिडवा बसून एका जुन्या स्क्रू ड्रायव्हरनं टायरच्या नक्षीत अडकलेले खडे एकेक करून काढायचा आणि पायरीवर ओळीनं मांडायचा. माझी मोठी बहीण सुमनताई लहानपणी त्यातलेच गोल खडे निवडून माझ्याशी खेळायची. आत आईचा भाकरी थापल्याचा आवाज, पुढच्या खोलीत अण्णांच्या कारकुनाच्या टाइपरायटरची खडखड. न्याहारीला बहुतेक सुशीला असायची, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, वरून भरपूर दाण्याचं कूट. सगळे आत बसून खायचे. मामा तेवढा ताटली गाडीच्या बॉनेटवर ठेवून उभ्या उभ्या खायचा आणि खाता खाता गाडीकडे बघत राहायचा.

मी त्या वर्षी लातूरला पॉलिटेक्निकमध्ये शिकत होतो, गाड्यांचाच अभ्यासक्रम. सुट्टीत घरी येताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मुद्दाम बरोबर आणायचो आणि बैठकीतल्या टेबलावर ठेवायचो. अण्णांकडे आलेले पक्षकार ते पुस्तक पाहायचे, मग माझ्याकडे पाहायचे, आणि मला फार बरं वाटायचं. मामा हात धुऊन, धोतराला पुसून ते पुस्तक उघडायचा आणि नुसती चित्रं बघायचा. "हे गिअरबॉक्सचं हाय ना रे विलास?" एवढं विचारायचा. मी सांगायला लागलो की तोंड किंचित उघडं ठेवून ऐकायचा. मी सांगत होतो त्यातलं निम्मं त्याच्या हातांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि घरात माझ्याइतकं शहाणं कुणी नाही अशी माझी पक्की समजूत होती.

त्या हिवाळ्यात ताईला लातूरच्या एका शाळेचं बोलावणं आलं. गुरुवारी सकाळी अकरा वाजता मुलाखत आणि त्यानंतर वर्गापुढे नमुना पाठ. ताईनं भूगोल निवडला होता. आठ दिवस ती स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं मराठवाड्याचा नकाशा काढत होती, पुसत होती, पुन्हा काढत होती. उजवा हात वर उचलून ती गोदावरी एका रेघेत ओढायची, पैठणपासून धर्माबादच्या पुढपर्यंत, मध्ये हात न उचलता. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अगं, दार झिजंल." पण ती रेघ पूर्ण होईपर्यंत आईचंही लाटणं थांबलेलं असायचं.

सोमवारी संध्याकाळी मामा बैठकीत येऊन दाराजवळ उभा राहिला. अण्णांशी बोलायचं असलं की तो कधी बसायचा नाही. म्हणाला, "दाजी, गाडीचे टायर बदलावं लागतेत. पुढचे दोन तर पार गुळगुळीत झालेत. मागच्यांत थोडी नक्षी हाय, पण लांबच्या रस्त्याला न्हाई चालायची. चारीबी बदलू."

अण्णांनी लगेच हो म्हटलं. पण मंगळवारी सकाळी मामा दुकानावर जाऊन आला आणि अडचण सांगितली. त्या मापाचे दोनच टायर होते. उरलेले दोन हैदराबादहून यायला चार-पाच दिवस लागणार होते.

"मग असं करू," मामा म्हणाला, "सुमनला म्या एसटीनं घेऊन जातो. गाडी चार दिवस उभी ऱ्हाऊ द्या."

एसटीचं नाव मला नकोच होतं. मलाही लातूरला परत जायचं होतं. आपण घरच्या गाडीतून हॉस्टेलच्या फाटकाशी उतरतोय आणि पोरं खिडक्यांतून बघतायत, हे चित्र मी कितीतरी दिवस मनात घोळवत होतो. मी म्हणालो, "अण्णा, एकदम चार बदलायची काही गरज नसते. दोन बदलले तरी पुरतं. मागचे अजून चांगले आहेत."

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कसा खुलला ते मला अजून दिसतं. मुलगा आपल्याला काही सांगतोय आणि ते त्याला शिकून कळलंय, याचा तो आनंद होता. "विलास म्हणतो तर दोनच घ्या," ते म्हणाले. "पण कुठले काढायचे, कुठं बसवायचे ते किसनच्या मनानं. गाडी त्याच्या हातात असते."

दुपारी आम्ही दोघं दुकानात गेलो. मामानं दुकानदाराला नीट समजावलं. चारी चाकं उतरवायची. नवे दोन मागे. मागचे थोडी नक्षी असलेले ते पुढे. अगदी गुळगुळीत झालेले दोन टाकून द्यायचे. मी मध्येच म्हणालो, "मामा, नवे पुढं बसव ना. वळतात ती पुढची चाकं. ब्रेकचा जोरही पुढंच जास्त."

मामा हसला. "त्ये खरं हाय. पण पुढचं चाक घसरलं तर हाताला कळतंय. स्टेअरिंग हलकं लागतंय, माणूस पाय काढतो. मागचं घसरलं ना, तर कळंस्तवर गाडी तोंड फिरवून बसती. ओल्या रस्त्यावर म्या पाहिलंय, दोनदा."

एवढं सांगून तो शिंप्याकडे गेला. ताईचं मुलाखतीसाठी शिवायला टाकलेलं पोलकं आणायचं होतं. मी एकटा दुकानात राहिलो. तीनच्या खेळाला मित्र थिएटरच्या दाराशी थांबणार होते. चारी चाकं उतरवून अदलाबदल करायची म्हणजे दीड-दोन तास सहज जाणार होते. नुसती पुढची दोन काढून तिथं नवे घातले की काम अर्ध्या वेळात. मी दुकानदाराला म्हणालो, "राहू द्या ते मागंपुढं करणं. नवे पुढं बसवून टाका." त्यानं एकदा विचारलं, "ते मामा तर मागं म्हणले होते?" मी म्हणालो, "मी त्यातलंच शिकतो. मी सांगतो ना."

मामा परत आला तेव्हा गाडी जॅकवरून खाली येत होती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पोलकं. त्यानं मागच्या चाकाजवळ वाकून पाहिलं, मग पुढच्या. मग माझ्याकडे. "असं कसं केलंस?"

माझ्यापाशी खरं उत्तर होतं, सिनेमाचं. ते मी दिलं नाही. म्हणालो, "मामा, पुस्तकात असंच दिलंय. नवे नेहमी पुढं."

"पुस्तकात हाय?"

"हो."

पुस्तकात तसं कुठंच नव्हतं. टायरांचं प्रकरण मी तोवर उघडूनही पाहिलं नव्हतं. मामानं पुन्हा एकदा चाकांकडे पाहिलं. मग त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "पुस्तकात हाय म्हणल्यावर मग काय. आमचं काय, अंदाजावर चाललेलं." आणि पोलकं चुरगळू नये म्हणून ते मागच्या सीटवर अलगद ठेवलं. पुढं नोकरीत मी हजारो मुलांना गाड्या शिकवल्या. मुलं कधीकधी चुकीचं उत्तर देऊन पुस्तकाचा दाखला द्यायची. बाकीचे मास्तर हसायचे. मला कधी हसू आलं नाही.

गुरुवारी पहाटेपासून आभाळ आलेलं होतं. आईनं धपाटे आणि दही बांधून दिलं, ताईच्या हातावर साखर ठेवली. मामा स्टेअरिंगला, मी त्याच्या शेजारी, ताई मागे मामाच्या पाठीशी, मांडीवर गुंडाळलेला नकाशा. लोहा ओलांडलं आणि भुरभूर सुरू झाली. अवकाळीच. मामानं गाडी हळू केली. मी दोनदा घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "मामा, अकराची वेळ आहे." तो म्हणाला, "पोचतो की. रस्ता चांगला न्हाई." अहमदपूर जवळ आलं तसे शेतातून निघालेले उसाचे ट्रॅक्टर दिसायला लागले. त्यांच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणून टाकली होती आणि वरून पाणी पडून तिचं नुसतं लोणी झालं होतं. एका डाव्या वळणावर समोरून ट्रक आला. मामानं ब्रेक दाबला नाही, फक्त पाय उचलला, हे मी शेजारी बसून डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि गाडीचं मागचं अंग उजवीकडे निघालं. आवाज काहीच नाही. मामा स्टेअरिंग उलटं फिरवत होता आणि गाडी त्याचं ऐकत नव्हती. ट्रक निघून गेला, आम्ही गिरकी घेऊन रस्त्याखाली उतरलो आणि मागचं उजवं दार बाभळीच्या खोडावर आदळलं.

मला खरचटलंही नव्हतं. मामाच्या कपाळातून रक्त येत होतं, ते पुसायचं सोडून तो मागचं दार ओढत होता. दार चेपून आत गेलं होतं, त्यात ताईचा उजवा हात. मागून येणाऱ्या एसटीतली माणसं धावत आली, कुणी पहार आणली. ताई ओरडली नाही. पांढरी पडली होती आणि एवढंच विचारत होती, "विलास, किती वाजले रे?"

तिला लातूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत एक वाजून गेला होता. कोपराचा चुरा झाला होता. संध्याकाळी अण्णा आणि आई एसटीनं आले. अण्णा वाटेत अहमदपूरला उतरून गाडी पाहून आले होते. ती ओढून नेणाऱ्या मिस्त्रीनं त्यांना चाकं दाखवली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आणि मामा बाकावर बसलो होतो. अण्णा समोर येऊन उभे राहिले. आई सरळ आत ताईकडे गेली.

"किसन," अण्णा म्हणाले, "नवे टायर पुढं कुणी बसवले? मिस्त्री म्हणाला, मागं असते तर गाडी फिरली नसती."

मामानं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, की आता बोल असा इशाराही नव्हता. तो नुसता थांबला होता. मी समोरच्या फरशीकडे पाहत होतो. त्या फरशीला एक तडा होता, तो मी आजही काढून दाखवू शकेन.

"म्याच, दाजी," मामा म्हणाला.

"इतकी वर्षं गाडी चालवून तुला एवढं कळलं नाही? माझ्या पोरीच्या हातावर अंदाज करून बघितलास?"

 अण्णा आत गेले. मग मी म्हणालो, "मामा, मी सांगतो अण्णांना." तो म्हणाला, "नगं. त्यांचा तुझ्यावर लई भरवसा हाय. तो ऱ्हाऊ दे. माझं काय, माझ्यावर रागावतील, चार दिसांनी निवळतील." मी मान हलवली. त्या मान हलवण्याला किती कमी वेळ लागला, हेच मला आयुष्यभर बोचत आलं आहे. त्याला दुसऱ्यांदा नको म्हणावं लागू नये एवढ्या घाईनं मी ती हलवली होती.

अण्णा निवळले नाहीत. गाडी त्यांनी होती तशी विकून टाकली. मामाला कुणी जा म्हटलं नाही, पण अण्णा त्याच्याशी बोलेनात. तो दाराजवळ उभा राहिला की ते उठून आत जायचे. धुवायला गाडी नसलेल्या अंगणात मामा महिनाभर सकाळी नुसता बसायचा. एके दिवशी आईच्या पाया पडून तो किनवटकडे गेला. तिकडच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत त्याला स्वयंपाक्याचं काम मिळालं. ताईचा हात बरा झाला तो खांद्याच्या वर न जाण्याइतका. शाळेनं दुसऱ्या कुणाला घेतलं होतं. तिनं पुढं कुठं अर्जच केला नाही. दोन वर्षांनी भोकरजवळच्या एका शेतकरी घरात तिचं लग्न झालं. माणसं चांगली होती. आपली वेणी मात्र ताईला कधी स्वतः घालता आली नाही. आधी आईनं घातली, मग सासूनं, मग मुलीनं.

पहिल्या दिवाळीला भाऊबीजेच्या दिवशी आईनं पुरणाचा घाट घातला. मामा येईल अशी तिला खात्री होती. दुपार झाली, चार वाजले. किनवटकडच्या गाडीची वेळ टळली. दिवेलागणीला आईनं तबक घेतलं, मला म्हणाली, "चल रे, वात विझू नये म्हणून आडोसा धर," आणि अंगणात जाऊन तिनं चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं. मी दोन्ही हातांचा आडोसा करून तिच्या शेजारी उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुढच्या भाऊबिजेला तो आला असता. नाही बोललो. तसं तिनं पुढं कितीतरी वर्षं ओवाळलं.

मी सांगायला गेलोच नाही असं नाही. लातूरला मला शिकवण्याची नोकरी लागली, तेव्हा मी नांदेडहून रेल्वेनं किनवटला गेलो, ठरवून गेलो. मामा मोठ्या पातेल्यात वरण ढवळत होता. केस पांढरे झालेले. मला पाहून त्यानं पळी तशीच सोडली आणि हात धरून मला सगळीकडे फिरवलं, मास्तरांकडे, शिपायाकडे, पाण्याच्या टाकीवर बसलेल्या माणसाकडेसुद्धा. "हा माझा भाचा. गाड्यांचा प्रोफेसर हाय लातूरला." मग मला पाटावर बसवून वरणभात वाढला, वर तूप. मी जेवलो. म्हणालो, "मामा, घरी चल. अण्णांना मी सांगतो सगळं." तो म्हणाला, "आता काय सांगतोस? त्यांचं वय झालं. तुझ्यावरबी रुसून बसले तर अक्काकडं कोण बघंल?" अक्का म्हणजे माझी आई. पुन्हा त्यानं मला मोकळीक दिली, आणि पुन्हा मी ती घेतली. परतीच्या गाडीत मला हलकं वाटलं होतं, हे लिहिताना आज लाज वाटते. गाडी चालवतोस का, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "न्हाई. हात धजत न्हाई." ज्या माणसाची चूक नव्हती त्याचे हात धजत नव्हते. मी रोज गाडी चालवत होतो.

मामा किनवटलाच वारला. आम्ही पोचेपर्यंत शाळेच्या लोकांनी सगळं उरकलं होतं. नंतर अण्णा गेले, मग आई. आता मी सत्तरीला टेकलो आहे आणि आमच्या घरातला मामा आता मीच.

मागच्या संक्रांतीला ताईकडे गेलो होतो. तिच्या मुलानं, राजेंद्रनं, गाडी दाखवायला मला बाहेर नेलं. म्हणाला, "मामा, तुम्ही यातले मास्तर. टायर झिजलेत. दोन बदलू का चार?"

"चारही," मी म्हणालो. "आणि दोनच बदलायचे झाले तर नवे मागं."

"मागं?" तो हसला. "घ्या! हे किसनआजोबांना ठाऊक असतं तर आईचा हात वाचला असता." मग त्याच्या नव्यानं गाडी शिकणाऱ्या मुलीला म्हणाला, "ऐकलंस का? नाहीतर किसनआजोबांसारखं करशील." पोरगी हसली. त्या घरात ते बोलणं नेहमीचं असावं. ताई सोडली तर मामाला त्या घरातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं, पण गाडी झाडावर घालणारा म्हातारा म्हणून तो सगळ्यांना ठाऊक होता.

मी आत आलो. ताई पलंगावर बसली होती, सून तिचे केस विंचरत होती. सून चहा टाकायला गेली तेव्हा मी ताईसमोर खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. सिनेमा, दुकानदार, पुस्तकाची थाप, व्हरांडा, किनवट. सांगताना मी तिच्या हाताकडे बघत होतो. वर बघवत नव्हतं.

ताईनं अर्धवट विंचरलेले केस डाव्या हातानं मागे सारले. मग विचारलं, "आईला माहीत होतं?"

"नाही."

"अण्णांना?"

"नाही."

"हाताचं मला काही नाही रे," ती म्हणाली. "हात गेला तो गेला. पण मीसुद्धा मामाला कधी पत्र टाकलं नाही. दोनदा त्याचं पत्र आलं, माझ्या लग्नात, राजूच्या बारशाला. मी उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, याच्यापायी माझी शाळा गेली." तिचा आवाज चढला नाही. "ते तू माझ्याकडून करवलंस."

मी म्हणालो, "माझं चुकलं, ताई."

"मला सांगून काय उपयोग? मी म्हातारी, उद्या मेले की संपलं. बाहेर पोरं हसतायत ना त्याला, ती तशीच हसत राहतील." ती थांबली. "तू लिहितोयस म्हणे ना काहीतरी, लहानपणाचं? त्यात लिही. नावं घालून लिही. आणि छापून आलं की पहिलं पुस्तक राजूच्या हातात दे, मी समोर बसून वाचून घेईन."

चहा आला. तिनं डाव्या हातानं कप घेतला आणि माझ्याकडे न बघता प्यायली. निघताना मी वाकून नमस्कार केला, तेव्हा तिनं डोक्यावर हात ठेवला नाही.

म्हणून राजू, हे तुझ्यासाठी. त्या दिवशी दुकानात नवे टायर पुढे आणि झिजलेले मागे ठेवायला सांगणारा माणूस मी होतो, तुझा विलासमामा. किसनमामानं नीट सांगितलं होतं. गाडीही तो नीटच चालवत होता.